बाटिक : चित्रकला आणि कामगार



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे 'कामगार कार्यकर्ते' असे छापले आहे आणि विषयाच्या रकान्यात 'बाटिक' असे छापले आहे. पत्रिका वाटली गेल्यापासून आम्हांला चारपाच जणांनी रस्त्यात थांबवून विचारले, की ही छपाईची चूक तर नाही ना? युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, फार तर महागाईभत्त्याच्या निर्देशांकावर बोलावे. चित्रकलेवर बोलायला शहरात चित्रकलेचे मास्तर काय कमी आहेत? प्रश्न रास्त आहे. आम्ही सातवीपर्यंत शाळेत गेलो. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातल्या पुस्तकांनी आणि रात्रपाळीच्या कामगारांनी केले. चित्रकलेची परीक्षा आम्ही दिलेली नाही. परंतु कापड हा आमचा विषय आहे. सातारा-सांगलीच्या गावांतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या माणसांनी सांचे चालवले, रंगखात्यात हात निळेहिरवे करून घेतले. 1982 च्या संपानंतर त्यांतले कितीतरी परत आले, आणि विटा, माधवनगरकडच्या यंत्रमागांवर त्यांची पुढची पिढी उभी राहिली. त्या मागावरून उतरलेल्या कापडाचे पुढे काय होते, हे पाहण्याचा आम्हांला अधिकार आहे असे आम्ही समजतो. आणि त्या कापडाचे जेव्हा चित्र होते, चौकटीत बसते, खाली सही येते, तेव्हा तर तो अधिकार दुप्पट होतो. का, ते पुढे येईलच.

प्रथम बाटिक म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगतो. इथे बसलेल्या पुष्कळ भगिनींनी मुलीच्या वयात एखादा टेबलक्लॉथ किंवा उशीचा अभ्रा या पद्धतीने केला असेल, त्यांनी क्षणभर दम धरावा. पांढऱ्या सुती किंवा रेशमी कापडावर वितळलेल्या मेणाने नक्षी काढायची. मग ते कापड रंगात बुडवायचे. जिथे मेण आहे तिथे रंग शिरत नाही, तेवढी जागा पांढरी राहते. पहिला रंग पिवळा दिला असेल, तर आता जेवढे पिवळे राहायला हवे तेवढ्यावर मेण भरायचे आणि कापड तांबड्यात बुडवायचे. मग तांबड्यावर मेण, आणि शेवटी गर्द निळा, तपकिरी किंवा काळा. सर्व झाल्यावर कापड उकळत्या पाण्यात टाकायचे. मेण सुटून वर तरंगते, ते काढून पुन्हा वापरतात, आणि कापडावर चित्र उरते. म्हणजे इथे चित्रकार रंग लावत नाही; रंग जिथे नको ती जागा राखतो. कॅनव्हासवर काम करणारा फिकट चुकले तर वर गडद लावतो, गडद चुकले तर खरवडतो. बाटिकवाल्याला ती सोय नाही. फिकटापासून गडदाकडे एकाच दिशेने जायचे, आणि पहिल्या बुडीच्या आधी शेवटची बुडी डोक्यात तयार हवी.

आता मेणाकडे वळू. हे आमच्या घरचे आहे. महाबळेश्वरच्या डोंगरात मधमाश्या पाळण्याचा उद्योग जुना आहे, आणि तिथलेच मांघर हे गाव 2022 साली देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. मध सगळे जण विकत घेतात, पोळ्यातल्या मेणाची आठवण मात्र कुणाला येत नाही. मधमाशीचे मेण साधारण 62 ते 65 अंश सेल्सिअसला वितळते. ते लवचिक असते, कापड दुमडले तरी सहसा फुटत नाही, त्यामुळे केसासारखी रेघ टिकते. दुसरे मेण दुकानात मेणबत्तीचे म्हणून मिळते, ते पॅराफिन, खनिज तेलातून निघालेले. ते स्वस्त आणि ठिसूळ. कापड चुरगळले की त्याला तडे जातात, तड्यांतून रंग आत झिरपतो आणि कापडावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटतात. कारागीर ही दोन मेणे हव्या त्या प्रमाणात मिसळतो, कुठे राळही घालतो. मेण किती तापले हे बहुतेक जण डोळ्यानेच ओळखतात. थंड असले तर ते कापडाच्या वरच बसते, आत मुरत नाही, आणि रंग पाठीमागून शिरतो. फार तापले तर पसरते, आणि त्यातून धूर येऊ लागतो. आपल्याकडे गुऱ्हाळावर गुळव्या असतो. काहिलीतला रस कधी उतरवायचा ते तो बुडबुड्यावरून सांगतो, त्याला तापमापक लागत नाही. मेणाच्या पातेल्यापाशी बसणारी बाई ही त्याच जातीची जाणकार.

या मेणामुळेच एक मोठी अडचण उभी राहते, आणि बाटिकचा सारा रंगव्यवहार त्या अडचणीने ठरवला आहे. रंगाचे पाणी गरम असून चालत नाही, मेण वितळेल. आमच्या सांगलीच्या हळदीचेच उदाहरण घ्या. हिला 2018 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. रंग सोन्यासारखा, परंतु ती कापडात नीट उतरायला ऊब मागते, आणि उन्हात धरली की उडून जाते. साबणाच्या पाण्यात तांबूस होते, हे तर लग्नघरातल्या प्रत्येक धोतराला ठाऊक आहे. तेव्हा बाटिकला थंड पाण्यात चढणारा रंग हवा. असा जुना रंग म्हणजे नीळ. निळीच्या पिंपातून कापड बाहेर काढले की ते हिरवट-पिवळे दिसते, आणि हवा लागता लागता डोळ्यांदेखत निळे होते. ज्याने हे एकदा पाहिले तो विसरत नाही. नवे थंड रंग म्हणजे नॅप्थॉलचे. आधी कापड कॉस्टिक सोड्यात विरघळवलेल्या नॅप्थॉलमध्ये बुडवतात, तोवर ते जवळजवळ बिनरंगी असते. मग दुसऱ्या क्षाराच्या पाण्यात घातले की एका झटक्यात लालभडक किंवा तपकिरी उठते. दिसायला जादू आहे. त्या जादूची किंमत कुणाची बोटे देतात, तिकडे आपण येऊ.

ही कला आली कुठून, यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही. मेण किंवा चिखल लावून रंग अडवण्याची युक्ती अनेक देशांत होती. गुजरातेतले असे राखणीचे छापील कापड शेकडो वर्षांपूर्वी समुद्रापार इजिप्तला जात असे, त्याचे तुकडे तिथल्या फुस्तात गावच्या उकिरड्यांत सापडले आहेत. पण हिला शास्त्राची उंची दिली ती जाव्याने, आणि 'बाटिक' हा शब्दही तिकडचाच. तिथे तांब्याच्या इवल्याशा भांड्याला बारीक तोटी बसवलेली लेखणी असते, तिला चांटिंग म्हणतात. त्या लेखणीने जाव्यातल्या बायका महिनोन् महिने एकेका लुगड्यावर मेणाची रेघ ओढत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तांब्याच्या पट्ट्यांचा ठसा निघाला, त्याला ते चाप म्हणतात. ठसा आल्याबरोबर काम झपाट्याने होऊ लागले आणि ते बहुतांशी पुरुषांच्या हाती गेले. लेखणी बायकांच्या हातात आणि ठसा पुरुषांच्या हातात, ही वाटणी आमच्यासारख्याने वाचली की त्याला कारखान्यातले यंत्र आणि हाजरीपट आठवल्याशिवाय राहत नाही.

यंत्रवाल्यांचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जावा डचांच्या ताब्यात होता. हॉलंडातल्या हेलमोंड गावी 1846 साली एक छपाईचा कारखाना निघाला, आजचे 'व्लिस्को' ते हेच. जाव्याच्या बाटिकची यंत्रावर नक्कल करून ती जाव्यालाच विकावी असा युरोपातल्या कारखानदारांचा बेत होता. मँचेस्टरने आमच्या साळ्या-कोष्ट्यांना जे केले तेच. पण यंत्रात मेणाऐवजी राळ वापरली, ती ठिकठिकाणी तडकली आणि कापडभर रेघारेघा उठल्या. जाव्यातली बाई तडा हा दोष समजते. तिच्या दृष्टीने ते फसलेले काम. तिने तो माल फारसा हातात धरला नाही. मग तेच कापड पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेले आणि तिथल्या लोकांना त्या रेघाच आवडल्या. कुठलेही दोन वार अगदी एकसारखे नाहीत म्हणून आवडल्या. आज तो त्यांचा पोशाख झाला आहे. आपल्याकडेही हौशी बाटिकवाले तडे मुद्दाम पाडतात आणि तडे नसतील तर गिऱ्हाईक विचारते की हे खरे बाटिक ना? एकाचा दोष दुसऱ्याचे सौंदर्य ठरते ते असे. तड्यांविषयी आमचे मत विचाराल तर, सगळे कापड तड्यांनी भरून टाकणे हा काम लपवण्याचा प्रकार आहे. एखाद्या ठिकाणी, जुन्या भिंतीसाठी, सुकलेल्या तळ्यासाठी तडा योजला तर तो बोलतो.

हिंदुस्थानात आज बाटिकचा धंदा म्हणून दोन नावे मोठी. एक कच्छातले मुंद्रा. तिथे ओल्या वाळूच्या पाटावर कापड पसरून लाकडी ठसे तप्त मेणात बुडवून मारतात. दुसरे उज्जैनला लागून असलेले भेरूगड. उज्जैन म्हणजे शिंद्यांची जुनी राजधानी, आणि शिंदे म्हणजे आपल्या कोरेगाव तालुक्यातल्या कण्हेरखेडचे. साताऱ्याचा माणूस तिकडे अगदीच पाहुणा नव्हे! उज्जैनच्या बाटिकला 2023 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. हा निर्देशांक गावाला आणि धंद्याला मिळतो, माणसाला नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

चित्र म्हणून बाटिक करण्याची वाट आपल्याकडे शांतिनिकेतनाने पाडली. 1927 साली रवींद्रनाथ जाव्याला गेले, बरोबर सुरेंद्रनाथ कर आणि धीरेंद्रकृष्ण देववर्मा हे चित्रकार होते, भाषापंडित सुनीतिकुमार चतर्जी होते. रवींद्रनाथांच्या सूनबाई प्रतिमादेवी आणि सुरेंद्रनाथ यांच्या प्रयत्नाने तिथल्या कार्यशाळेत हे काम रुजले. पुढे ते शाळांतून, महिलामंडळांतून पसरत आपल्यापर्यंत आले. परंतु आम्हांला सर्वांत जास्त भावते ती मद्रासची हकिगत. तिथल्या कलाशाळेचे प्रमुख के. सी. एस. पणिक्कर यांनी आपल्या विद्यार्थ्यांना विचारले असावे तो प्रश्न आमच्या रोजच्या परिचयाचा आहे: शाळा संपल्यावर खाणार काय? चित्रे तर कुणी घेत नाही. तेव्हा त्या मंडळींनी एकत्र येऊन बाटिकची आणि इतर हस्तव्यवसायाची कामे केली, ती प्रदर्शनात विकली, त्या पैशातून समुद्रकाठी दहाएक एकर जमीन घेतली आणि 1966 साली चोलमंडल नावाचे चित्रकारांचे गाव वसवले. दिवसाचा काही वेळ बाटिक, उरलेला वेळ स्वतःचे चित्र. नोकरी नाही, सरकारी मेहरबानी नाही. याला आम्ही सहकार म्हणतो. मात्र एक गोष्ट टोचते. त्या गावची कॅनव्हासे संग्रहालयांत गेली. ज्या बाटिकने जमीन विकत घेतली, ते लोकांच्या खिडक्यांवर आणि पलंगांवर गेले आणि विरून गेले. पोट भरणारा हात आणि नाव मिळवणारा हात एकाच अंगाला असूनही त्यांना वेगळी वागणूक मिळाली.

बाहेर मात्र बाटिकनेच नाव मिळवलेले लोक झाले. मलेशियात पेनांग येथे चुआ थिएन तेंग नावाचे चित्रकार होते, 2008 साली वारले. त्यांनी आधी बाटिकचा कारखाना काढला होता. तो चालला नाही. उरलेले रंग आणि मेण घेऊन त्यांनी चित्रे करायला सुरुवात केली, 1955 साली प्रदर्शन भरवले. कोळणी, आया, फळे काढणाऱ्या बायका असे त्यांचे विषय. ती चित्रे पाहिल्यावर ती कशावर काढली हे विचारावेसे वाटत नाही, आधी चित्रच दिसते. जोगजाकार्त्यात अमरी याह्या यांनी जाव्याची पारंपरिक नक्षी सोडून मोकळी चित्रे केली. आणि लंकेत एना डी सिल्वा या बाईंनी माताळेजवळच्या अलुविहारे गावातल्या स्त्रियांना हाताशी धरून प्रचंड कापडे केली. स्थापत्यकार जेफ्री बावा यांनी बेंटोटा येथे बांधलेल्या हॉटेलच्या दर्शनी दालनाचे सबंध छतच त्यांच्या बाटिकचे होते. डोक्यावर चित्र पसरलेले! आपल्याकडे देवळाच्या मंडपात छत असते, त्याची आठवण व्हावी असे.

तरीसुद्धा 'बाटिक ही ललितकला आहे काय?' असे कुणी विचारले की सुशिक्षित माणसाच्या ओठांवर एक विशिष्ट हसू येते. त्यामागे तीन आक्षेप असतात. एक, हे उपयोगाचे कापड आहे. दुसरा, हा सुटीतला छंद आहे. या दोहोंत फार दम नाही. मातीचा घडा उपयोगाचा म्हणून काही त्याची गोलाई खोटी होत नाही, आणि छंद म्हणून बाजाची पेटी वाजवणारे घरोघर असले तरी संगीताला कुणी छंद म्हणत नाही. तिसरा आक्षेप खरा आहे. हे एका हाताचे काम नाही. ठसा करणारा वेगळा, मेण भरणारी वेगळी, रंगारी वेगळा. मग कलावंत कोण?

आम्ही म्हणतो, हा प्रश्न बाटिकलाच का? मिरजेला चला. तिथल्या शिकलगारांनी, ज्यांचा धंदा हत्यारांना पाणी देण्याचा होता, शतकापूर्वी कधीच सतार-तंबोऱ्यांचा उद्योग उभा केला. पंढरपूरकडचा भोपळा येतो, तो वाळवतात, लाकूड बसवतात, आणि शेवटी घोडीवर जवारी लावतात. जवारी म्हणजे तार झंकारते ती. किंचित घासायचे, कानाने ऐकायचे, पुन्हा घासायचे. जवारी चुकली तर मोठ्यातला मोठा गवई बेसूर वाटेल. अब्दुल करीमखांसाहेब मिरजेत राहिले आणि त्यांचे नाव सर्व जगाला ठाऊक आहे. त्यांच्या मागे जो तंबोरा वाजे त्याची जवारी कुणी लावली, हे इथे बसलेल्यांपैकी किती जणांना सांगता येईल? 2024 साली मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला निर्देशांक मिळाला, पेढे वाटले गेले, योग्यच झाले. जवारी लावणारा मात्र कारागीर तो कारागीरच राहिला.

नाही तर औंधला चला. बाळासाहेब पंतप्रतिनिधींसारखा राजा आम्ही दुसरा वाचला नाही. स्वतः चित्रे काढी, आणि त्याने आपला संग्रह राजवाड्यात कुलुपात न ठेवता टेकडीवर इमारत बांधून 1938 साली लोकांना खुला केला. तिथे रविवर्म्याची चित्रे आहेत, हेन्री मूरचा दगडातला मायलेकराचा पुतळा आहे; आमच्या माणदेशाच्या उंबऱ्यावर हेन्री मूर, हे पुण्यामुंबईच्या पुष्कळ लोकांना सांगूनही पटत नाही. आणि त्याच इमारतीत हस्तिदंती, चंदनी, लाकडी कोरीव कामे आहेत. आम्ही कामगारांच्या सहली तिथे नेतो. एकदा एका सुताराने रविवर्म्याच्या चित्रासमोर जेवढा वेळ घालवला त्याच्या चौपट एका कोरीव पेटीसमोर घालवला आणि विचारले, 'हे कुणी केलं?' सांगायला कुणी नव्हते.

कायद्याची दृष्टी काय आहे, तेही पाहू. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलाकृतीच्या व्याख्येत चित्र, शिल्प, रेखाटन, छायाचित्र आहेतच. शिवाय 'कलात्मक कारागिरीची कृती' असेही शब्द आहेत. म्हणजे कायदा बाटिकला दार बंद करीत नाही. पण त्याच कायद्याचे पंधरावे कलम वाचा. वस्तूवर उठवायची एखादी नक्षी डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी असेल, तुम्ही नोंदवली नसेल, आणि मालकाच्या संमतीने यंत्रोद्योगाच्या पद्धतीने तिच्या पन्नासाहून अधिक प्रती निघाल्या, तर तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. पन्नासपर्यंत कला, एक्कावन्नाव्या प्रतीपासून माल! आता हाताने मेण भरणे ही औद्योगिक पद्धत होते की नाही, यावर वकील खुशाल भांडोत.

सतरावे कलम आमच्या जास्त कामाचे. नोकरीत असताना केलेल्या कृतीचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, नोकरी देणारा. आणि कुणी मोबदला देऊन चित्र काढून घेतले असेल, तर मालक तो मोबदला देणारा. म्हणजे कामगार म्हणा की ठेकेदार म्हणा, मालकी पैसे मोजणाऱ्याकडे जाते. परंतु सत्तावन्नावे कलम निराळे बोलते. मालकी विकली तरी 'ही कृती माझी आहे' असे सांगण्याचा कर्त्याचा हक्क विकला जात नाही. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले प्रचंड भित्तिशिल्प सरकारने 1979 मध्ये उखडून गुदामात टाकले, तेव्हा ते कोर्टात गेले, आणि 2005 साली दिल्लीच्या उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा हुकूम दिला. शिल्प सरकारच्या मालकीचे होते. नाव आणि इभ्रत शिल्पकाराची होती.

आता आम्ही या सगळ्यात कसे शिरलो ते सांगतो. आमच्या भागात एक बाटिकची कार्यशाळा आहे. गावाचे आणि धन्याचे नाव घेत नाही, कारण बोलणी अजून मिटलेली नाहीत आणि तो माणूस वाईट नाही. तिथे नऊ बायका काम करतात. रुमाल, ओढण्या, साड्या डझनावर आणि नगावर. आणि वर्षातून पाचसहा मोठी चित्रे होतात, ती चौकटीत बसून शहरातल्या दालनात जातात. मोठ्या चित्राचा मुख्य आराखडा धनी पेन्सिलने काढतो. आतले रान, पाऊस, गुरांच्या अंगावरचे ठिपके, लुगड्यांचे काठ हे बायका आपल्या मनाने भरतात; कागदावर ते कुठेही नसते. चित्राखाली सही एकच. आमच्याकडे त्या सहीसाठी आल्या नव्हत्या. त्या आल्या दरासाठी, धुरासाठी आणि हातांना येणाऱ्या फोडांसाठी.

फोडांचे आधी. कॉस्टिक कातडी खातो हे रंगखात्यात काम केलेल्याला सांगावे लागत नाही. रंगातले काही क्षार त्याहून कावेबाज असतात, ते लगेच बोलत नाहीत. काही विशिष्ट अ‍ॅझो रंगांतून कर्करोग करणारी द्रव्ये सुटतात म्हणून जर्मनीने 1994 साली त्यांवर बंदी घातली, आणि आपला माल तिकडे अडू लागल्यावर आपल्याही सरकारने 1997 साली सत्तर रंगांना बंदी केली. बाटिकचे सगळेच रंग तसे नव्हेत, उगाच घबराट करायची नाही. पण पुडीवर नाव नाही, सुटा रंग तोलून आणलेला, हात कोपरापर्यंत उघडे, आणि मेणाचे पातेले बंद खोलीत, असे असेल तर ते हौसेचे काम उरत नाही. आम्ही मागितले: रबरी हातमोजे, धूर ओढणारा पंखा, नाव असलेल्या पुडीतलाच रंग, आणि दरात वाढ. पंखा आठवड्यात बसला. मोजे आले, बारीक कामाला ते आड येतात म्हणून बायकांनीच ते काढून ठेवले, मग रंगाला मोजे आणि मेणाला मोकळे हात अशी वाटणी ठरली. दरावर घासाघीस झाली, थोडी वाढ मिळाली.

मग आम्ही सहीचा मुद्दा काढला. मोठ्या चित्रांवर भरणाऱ्यांचीही नावे यावीत. इथे धनी बिथरला. तो म्हणाला, 'कल्पना माझी. त्या फक्त मेण भरतात.' त्याच्या बोलण्यात अर्धे सत्य आहे. जी बाई पेन्सिलच्या रेघेवरून लेखणी फिरवते, तिला कर्ती म्हणता येणार नाही. गवंड्याला आपण स्थापत्यकार म्हणत नाही. परंतु पाऊस कुठून पडावा हे जिने ठरवले, तिचे काय? आम्ही धन्याला एवढेच म्हटले, की पेन्सिलचा कागद आणि झालेले कापड शेजारी ठेवा, आणि जे कागदावर नाही ते कुठून आले ते सांगा. तो गप्प राहिला.

खरी हरकत दुसरीकडूनच आली. त्या नवांतली सर्वांत वयस्क बाई, सगळ्या जणी तिला आक्का म्हणतात, आम्हांला म्हणाली, 'दादा, नाव घेऊन काय करू? नावानं दळण येतंय व्हय? डझनाला दहा रुपयं वाढवून द्या, सही त्यांचीच राहू द्या.' सभेत दोन तट पडले. तरुण पोरी म्हणाल्या, नाव हवेच. उद्या दुसरीकडे काम मागायला गेलो तर दाखवायचे काय? आक्काचे म्हणणे, की नावाच्या बदल्यात धनी दर अडवील, आणि पुढारी टाळ्या घेऊन जातील. हा टोमणा आम्हांला होता, आणि चळवळीत तो ऐकून घ्यावाच लागतो. आमचा विचार असा ठरला, की दर आणि नाव एका तराजूत घालायचेच नाहीत. दराची बोलणी आधी पुरी करून कागद करायचा, आणि नावाचा मुद्दा मग निराळा मांडायचा. त्याप्रमाणे दराचा कागद झाला. नावाच्या बाबतीत चौकटीवरच्या चिठ्ठीला धनी अजून तयार नाही. कापडाच्या काठावर, शिलाईच्या आत, मेणानेच नावे लिहायला मात्र त्याने हरकत घेतलेली नाही. चौकटीत गेल्यावर ती दिसत नाहीत. पोरींना ते अपुरे वाटते, आम्हांलाही वाटते, आणि पुढची बैठक दिवाळीच्या आधी व्हायची आहे. आक्काने आपले नाव लिहिलेले नाही. एका काठाला तिने नुसते भुंग्याचे चित्र काढले आहे.

धन्याच्या संमतीने त्यांतली तीन कापडे आम्ही आज इथे आणली आहेत. मंडपाच्या डाव्या अंगाला दोरीवर ती चौकटीशिवाय टांगली आहेत. व्याख्यान संपल्यावर जरूर पाहा. पाहताना दोन गोष्टी करा. कापड उलटे करून बघा. खऱ्या बाटिकमध्ये मेण आणि रंग दोन्ही आरपार गेलेले असतात, त्यामुळे पाठ आणि पोट जवळजवळ सारखे दिसते. छापील नकलेची पाठ फिकी असते. आणि खालच्या काठाची शिलाई आम्ही एका बाजूने उसवून ठेवली आहे. हात स्वच्छ धुऊनच ती उलगडावी, मुलांना लांबून दाखवावे, कारण ही कापडे सोमवारी परत पोचवायची आहेत.